परीक्षेच्या कागदावरचे शहर

इंग्रजी रचनेच्या परीक्षेला जो कोणी बसला असेल, त्याने आयुष्यात एकदा तरी ‘नगरजीवन आणि ग्रामजीवन’ या विषयावर चार परिच्छेद लिहिलेले असतात. प्रथम शहराचे फायदे, मग तोटे, पुढे खेड्यातील निर्मळ हवा, आणि अखेरीस दोहोंमधला सुवर्णमध्य. हा साचा इतका रूढ आहे की तो आपल्याकडे आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण अशाच एखाद्या उत्तरपत्रिकेच्या बळावर घराबाहेर पडले आणि परप्रांतांतील शहरांत स्थिरावले. आता त्यांची मुले तोच सराव करीत आहेत. तेव्हा या साच्याचा इतिहास थोडा तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

सरकारी नोकरी आणि इंग्रजी निबंध यांची गाठ १८५४ साली पडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी आपल्या मर्जीतील तरुणांना हिंदुस्थानात धाडावे, ही जुनी रीत १८५३ च्या सनदेने मोडली होती. तिच्या जागी खुली स्पर्धा कशी असावी, हे ठरविण्याचे काम मेकॉले यांच्या समितीकडे आले. समितीने विषयवार गुण सुचविले. ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०, संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५, आणि इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास यांना १,५००. त्यांतले ५०० केवळ रचनेचे होते. ज्या देशाचा कारभार करावयाचा, त्या देशाच्या भाषेपेक्षा स्वतःच्या भाषेतील सुघड निबंध अधिक मोलाचा ठरला. उदार शिक्षणाने ज्याची बुद्धी घासूनपुसून तयार झाली आहे, तो कोणतेही काम शिकेल, असा समितीचा विश्वास होता. १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली.

इकडे १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तिन्ही शहरे बंदराची आणि तिन्ही इंग्रजी सत्तेची ठाणी. परीक्षा द्यावयाची तर खेड्यापाड्यांतल्या मुलाला प्रथम शहर गाठावे लागे. मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा १८६२ साली जे पहिले चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत मालवणला जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि निफाडला जन्मून कोल्हापुरात वाढलेले महादेव गोविंद रानडे हे होते. या पिढीच्या डोळ्यांदेखत मुंबईचे रूप पालटत होते. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली, १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले आणि १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले.

पण निबंधाचा वस्तुपाठ निराळाच होता. चांगल्या इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवला जाई तो ॲडिसन. त्याच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रातले शहर म्हणजे १७११ च्या सुमाराचे लंडन, तिथली कॉफीगृहे आणि तिथली व्यापारपेठ. ओस पडलेल्या खेड्याचे दुःख गोल्डस्मिथच्या १७७० च्या काव्यातून येई, आणि गाव व नगर यांचा भेद सांगणारी कूपरची ओळ निबंधाच्या आरंभी अगदी ठरल्यासारखी बसे. म्हणजे शहर लंडनचे आणि खेडेही विलायतेचेच. गिरगावात बिऱ्हाड करून राहणारा विद्यार्थी भुलेश्वराच्या गर्दीतून वाट काढीत घरी येई आणि दिव्याखाली बसून, कधी न पाहिलेल्या नगरीच्या धुरावर व धुक्यावर सफाईने लिही.

या सरावाचा लाभ झाला नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने आणि पुढे नेसफील्डच्या व्याकरणाने मराठी मुलांच्या वाक्यरचनेला शिस्त लावली. परिच्छेदात एकच मुद्दा असावा, विरुद्ध बाजूही न्यायाने मांडावी, लांबलचक पत्रव्यवहाराचा सारांश एका पानात यावा, या सवयी परीक्षेनेच अंगी बाणवल्या. कचेरीत टिपणी लिहिणाऱ्याला त्यांचे मोल सांगायला नको. मात्र साच्याबरोबर दृष्टीही येते. ज्याने शहराचे गुणदोष दोन रकान्यांत मांडण्याचा अभ्यास केला, तो पुढे अधिकारावर बसल्यावर वस्तीकडेही रकान्यांतूनच पाहू लागण्याचा धोका असतो.

याच काळात शहर पाहण्याची दुसरी एक रीत आपल्या भाषेत सिद्ध झाली होती. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. माडगांवकरांचे इंग्रजी वाचन दांडगे होते. इंग्रजी साधनांचा त्यांनी भरपूर उपयोग केला, पण लेखणी मराठी ठेवली आणि डोळे आपले ठेवले. बाजार, देवळे, बंदर, नाना जातींचे लोक आणि त्यांचे धंदे यांची त्यांनी जातीने दखल घेतली. शहर चांगले की वाईट, या प्रश्नापेक्षा शहर आहे कसे, हा प्रश्न त्यांना मोठा वाटला. आज जुन्या मुंबईचा शोध घेणाऱ्याला या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही.

त्याच १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर लंडनची स्पर्धा जिंकून इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. १८६९ साली आणखी चौघे यशस्वी झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांतील शेवटच्या दोघांची नावे वयाच्या वादावरून वगळण्यात आली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची चाल. सोळावे लागले की मुलगा सोळा वर्षांचा. परीक्षकांना ही चाल ठाऊक नव्हती. न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा नावे पुन्हा दाखल झाली. निबंधातली इंग्रजी बिनचूक होती; अडले ते घरच्या एका साध्या रिवाजावर.

सत्येंद्रनाथांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि १८९७ साली साताऱ्यास न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. आमच्या वाचकांना हा बंगाली अधिकारी आपल्यातलाच वाटावा. इंग्रजी परीक्षेने त्यांना परक्या प्रांतात आणून सोडले. पण त्या प्रांताविषयी त्यांनी ‘बोम्बाई चित्र’ लिहिले ते आपल्या बंगालीत, आणि तुकोबांचे अभंगही त्यांनी बंगालीत नेले. परीक्षेने मिळालेली शिस्त आणि मायबोलीची जवळीक यांचा असा संगम क्वचितच आढळतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी, असा ठराव १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात झाला, पण प्रत्यक्षात ती अलाहाबादेस आली १९२२ साली. मधल्या काळात, १९१८ मध्ये, रोह्याला बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले आले. स्वातंत्र्यानंतर १९७९ पासून उमेदवाराला भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली; इंग्रजीची प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. १९९३ साली निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आणि तीही मराठीतून लिहिता येऊ लागली. १९९७ च्या प्रश्नपत्रिकेत नागरीकरण हे आपत्तीच्या रूपाने आलेले वरदान आहे, अशा आशयाचा विषय होता. भाषेचे बंधन सुटले, तरी विषयाने पाठ सोडली नाही!

बदलीच्या गावी मुले आजही इंग्रजी निबंधाची तयारी करीत असतात, आणि ती त्यांनी करावीच. आमचे म्हणणे इतकेच की, नगरजीवनावर चार परिच्छेद लिहिण्यापूर्वी त्यांना आपल्या गल्लीचे पाणी कोठून येते, कोपऱ्यावरचा भाजीवाला कोणत्या जिल्ह्यातून आला, सायंकाळी बसगाडी कोठे अडते, हे पाहू द्यावे. आणि ते आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहू द्यावे. गुण त्याने कमी होणार नाहीत. उलट ज्या शहराने आपणांस आसरा दिला, त्याची नोंद आपल्या भाषेत राहील. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी माडगांवकरांनी मुंबईसाठी जे केले, ते भोपाळ, दिल्ली, हैदराबाद किंवा कोलकाता यांच्यासाठी कोणा मराठी माणसाने अवश्य करावे, असे आम्हांस मनापासून वाटते.