सातासमुद्रांपलीकडचा धनी

आळंदीहून चाकणकडे जाणारा रस्ता वाचकांपैकीं पुष्कळांच्या पायांखालचा असेल. इंद्रायणीचा घाट आणि ज्ञानेश्वरांचें समाधिमंदिर मागें टाकून कांहीं मैल गेलें कीं पत्र्याच्या छपरांचे अवाढव्य कारखाने लागतात. त्यांतील कित्येकांचे धनी या देशांत राहात नाहींत. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपन्यांच्या मोटारी येथें २००९ पासून तयार होऊं लागल्या. आपला देश न सोडतां परमुलखांत पेढी थाटावयाची व ती घरीं बसून चालवावयाची, ही युक्ति अगदीं आजकालची असें आपणांस सहज वाटतें. पण तसें नाहीं. १६६० च्या पावसाळ्यांत याच चाकणच्या भुइकोटास शाइस्तेखानाचा वेढा पडला होता आणि फिरंगोजी नरसाळा तो कोट सुमारें दोन महिने झुंजवीत होता. त्याच वर्षीं पन्हाळ्याच्या पायथ्याशीं अशाच एका दूरस्थ धन्याचे नोकर भलत्याच उद्योगांत गुंतले होते. त्यांची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे.

हा धनी म्हणजे लंडनची ईस्ट इंडिया कंपनी. १६०० च्या अखेरच्या दिवशीं तिला राणीची सनद मिळाली आणि पुढें दहाबारा वर्षांत सुरतेस तिची वखार उभी राहिली. कारभाराची मोठी अडचण अंतराची होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या गलबतास सहा-आठ महिने लागत, आणि परतीची सफर मोसमी वाऱ्यांच्या तंत्रानें करावी लागे. म्हणजे सुरतेहून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दीड-दोन वर्षांनीं हातीं पडावयाचें. तोंवर ज्या मालाचा भाव विचारला तो माल विकला गेलेला, आणि कधीं कधीं विचारणारा गुमास्ताही सुरतेच्या तापानें मातींत गेलेला!

यावर कंपनीनें जे बंदोबस्त केले ते मोठे मासलेवाईक आहेत. एकाच पत्राच्या दोन-तीन नकला निरनिराळ्या गलबतांवरून धाडीत, एक बुडालें तर दुसरें पोंचावें म्हणून. मुख्यानें एकट्यानें कांहीं ठरवूं नये; चारचौघांच्या मंडळांत विचार व्हावा, तो वहींत उतरावा आणि त्या वहीची नक्कल लंडनास जावी. नोकरांकडून जामीनकतबे लिहून घेत. पगार मात्र इतका तुटपुंजा देत कीं, आपल्या नांवाचा खाजगी व्यापार केल्यावांचून कोणाचाही निर्वाह होऊं नये. नोकरास उपाशी ठेवून प्रामाणिकपणाचा करार लिहून घ्यावयाचा, ही रीत कंपनीनें काढली नसेल, पण तिनें ती फार दिवस चालविली.

राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा होता. १६६० त शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले आणि सिद्दी जौहरनें गडास वेढा घातला. सिद्दीची मर्जी संपादन केली तर विजापूरच्या राज्यांत व्यापाराला सवलती मिळतील, असा हिशेब रेव्हिंग्टनच्या मनांत असावा. लंडनास विचारावें तर उत्तर येईपर्यंत वेढा कधींच उठावयाचा! तेव्हां हा गृहस्थ तोफ आणि दारूगोळा घेऊन सोबत्यांसह पन्हाळ्याखालीं गेला, आणि इंग्रजांचें निशाण फडकावून त्यानें गडावर गोळे टाकविले. महाराज जुलैंत गडावरून निसटले, पण तें निशाण विसरले नाहींत. १६६१ च्या आरंभीं त्यांनीं राजापूर मारलें, इंग्रजांची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह त्या लोकांस कैद केलें.

कैद्यांनीं सुरतेस गाऱ्हाणीं लिहिलीं; आपण कंपनीचें काम करीत असतां सांपडलों, तर कंपनीनें आपणांस सोडवावें, अशी त्यांची साहजिक अपेक्षा. सुरतेचें उत्तर आलें तें या सबंध पद्धतीचा आरसाच आहे. त्याचा आशय असा: तुम्ही तुरुंगांत कां पडलां तें तुम्हीच जाणतां; कंपनीच्या मालाचें रक्षण करतांना तुम्ही पकडले गेलां नाहीं, इंग्रजांचें म्हणून ओळखूं येणारें निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे फेंकण्यास गेलां म्हणून पकडले गेलां. हे लोक सुटले ते १६६३ त, सुमारें दोन वर्षांनीं.

आतां गंमत पाहा. ज्या नोकरांच्या कृत्याशीं कंपनीनें संबंध झिडकारला, त्याच कृत्यापायीं लुटल्या गेलेल्या मालाची भरपाई मात्र ती पुढें वर्षानुवर्षें मागत राहिली. १६७४ त राज्याभिषेकसमयीं हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, त्याच्या मागण्यांत राजापूरची भरपाई हें एक ठळक कलम होतें. माल आमचा, माणसें तुमचीं तुम्ही पाहा! सुरतेचा कायदेशीर मुद्दा खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण रेव्हिंग्टनचा डाव साधता तर ती सवलत कंपनीनें नाकारली असती काय?

मराठेशाहीच्या मुत्सद्यांस या व्यापाऱ्यांचें मर्म चांगलें कळलें होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं इशारा आहे कीं, हे इतर सावकारांसारखे नव्हत. यांचे खावंद आपापल्या देशीं राज्य करितात आणि त्यांच्या हुकमानें हे येथें येतात. म्हणून यांस समुद्रकांठीं जागा देऊं नये, मजबूत इमारत बांधूं देऊं नये. समोरचा गुमास्ता गोड बोलतो कीं कडू यावर न जातां त्याचा धनी कोठें बसला आहे हें पाहावें, असा त्यांतील रोख आहे.

मात्र दूरचा धनी सर्वदा अन्यायीच असे म्हणणें बरोबर होणार नाहीं. सुरतेचे पारशी दलाल रुस्तुम माणेक यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांचें कंपनीच्या येथील अधिकाऱ्यांशीं येणें रकमेवरून भांडण लागलें, आणि दोघां भावांस अटकेंत ठेवण्यांत आलें. तिसरा भाऊ नवरोजी १७२४ त थेट लंडनास जाऊन उभा राहिला. पुढल्याच वर्षीं लवादाचा निकाल त्या घराण्याच्या बाजूनें लागला. जो न्याय हाकेच्या अंतरावर मिळाला नाहीं तो सातासमुद्रांपलीकडे मिळाला. पण त्यासाठीं जहाजाचें भाडें परवडणारा माणूस असावा लागला.

१८७० त मुंबई लंडनास समुद्राखालच्या तारेनें जोडली गेली, आणि दीड वर्षाचें काम कांहीं तासांवर आलें. आतां चाकणच्या कारखान्यांतील मोजमाप क्षणांत परदेशीं दिसतें. रेव्हिंग्टनसारखी मुखत्यारी आज कोणा व्यवस्थापकास नाहीं. पण निर्णयाचें फळ कोणी भोगावयाचें, हें तारेनें ठरत नाहीं. आळंदीच्या वरच्या अंगास, इंद्रायणीच्याच खोऱ्यांत, तळेगांवीं जनरल मोटर्सचा कारखाना २००८ त सुरू झाला. हिंदुस्थानांत मोटारी विकणें थांबवावयाचें असें २०१७ त अमेरिकेंतील धन्यांनीं ठरविलें. निर्यातीचें काम आणखी कांहीं काळ चाललें आणि २०२० च्या डिसेंबरांत तेंही संपलें. कामगारांची संघटना न्यायालयांत गेली. तो कारखाना विकत घेण्याचा करार २०२३ त ह्युंदाई कंपनीनें केला. तिचे धनी दक्षिण कोरियांत असतात.