‘सेविका’ ते ‘स्वयंसेविका’ : प्राथमिक आरोग्यसेवेतील काही संज्ञांचा इतिहास

प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणाऱ्या माणसांना येणारा थकवा, त्यांचे कार्यसमाधान आणि काम सोडून जाण्याची त्यांची प्रवृत्ती हे प्रश्न आपल्याकडे वैद्यकाच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकांचे मानले जातात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि ही माणसे कोणत्या नावाने ओळखली गेली आणि त्यांच्या हाती पडणाऱ्या पैशास कोणता शब्द योजिला गेला, हे क्रमाने पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. ह्या कामातील कष्टांचा भार जसजसा वाढत गेला, तसतसे ते ‘काम’ आहे हे सांगणारे शब्द मात्र मागे पडत गेले. प्रस्तुत लेखात ह्या विसंगतीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१

आरंभी ‘बर्नआउट’ ह्या इंग्रजी संज्ञेचा विचार करणे सोयीचे होईल. ‘जळून गेलेला रोगी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग कुष्ठरोगाच्या संदर्भात पूर्वी रूढ होता. रोग ओसरला, परंतु जाता जाता हातापायांची बोटे घेऊन गेला, अशा रोग्यास तो लावीत. ग्रॅहम ग्रीन यांनी १९६०च्या सुमारास काँगोमधील एका कुष्ठधामाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या कादंबरीस हेच नाव दिले आणि ते मनाने विझलेल्या माणसास लागू केले. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’ ही संज्ञा शास्त्रीय लेखनात आणली. तिचे जन्मस्थान लक्षात घेण्याजोगे आहे. कारखाना किंवा कचेरी पाहून ती सुचलेली नाही. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात स्वेच्छेने राबणारे कार्यकर्ते पाहून ती सुचली. कामावर ज्यांची निष्ठा अधिक, तेच आधी जळतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी ह्या अवस्थेची तीन अंगे निश्चित केली : भावनिक दमणूक, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था व्याधी म्हणून गणलेली नाही. तिची गणना कामाच्या परिस्थितीतून उद्भवणाऱ्या घटनांत केली आहे.

मराठीत ह्या संज्ञेला सर्वमान्य प्रतिशब्द नाही, यावरून मराठी माणसास हा अनुभव नाही असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. उलट आपल्या बोलीत तिन्ही अंगांना स्वतंत्र शब्द आहेत. पहिल्यास आपण ‘शीण’ म्हणतो. दुसऱ्यास ‘वीट’ किंवा ‘उबग’ म्हणतो. तिसऱ्या अवस्थेतील माणूस ‘आता ह्या कामात राम उरला नाही’ असे म्हणतो. शीण विश्रांतीने जातो. वीट विश्रांतीने जात नाही. आणि राम एकदा गेला म्हणजे माणूस काम सोडतो, किंवा सोडता येत नसल्यास केवळ नोंदवही भरण्यापुरता उरतो. ही चढती श्रेणी पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी.

२

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. प्राथमिक आरोग्य केंद्राची आपल्याकडील कल्पना मुख्यतः ह्या अहवालातून रूढ झाली. नजीकच्या काळासाठी ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार प्रसविका व चार प्रशिक्षित दाया, शिवाय इतर कर्मचारी, अशी तिची योजना होती. तीत प्रत्येक पदाचे नाव कामावरून पडले होते. प्रसविकेने प्रसूती करावयाची, आरोग्य निरीक्षकाने स्वच्छता पाहावयाची. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर ही केंद्रे गटागटांतून उभी राहू लागली, ती मात्र भोर समितीच्या अपेक्षेहून पुष्कळच अपुऱ्या बळानिशी.

माणसे थोडी आणि कामे फार, ह्या अडचणीतून एक नवे विशेषण पुढे आले : ‘बहुउद्देशीय’. १९६३च्या चढ्ढा समितीने हिवतापावर पाळत ठेवण्यासाठी १०,००० लोकसंख्येमागे एक मूलभूत आरोग्य कर्मचारी सुचविला आणि त्याच्याकडेच जन्ममृत्यूंची नोंद व कुटुंबनियोजन ही कामेही सोपविली. अवघ्या दोन वर्षांत, १९६५ मध्ये, मुखर्जी समितीस असे आढळून आले की ह्या कर्मचाऱ्याकडून हिवतापाचे काम नीट होत नाही आणि कुटुंबनियोजनाचेही होत नाही. म्हणून तिने दोन्ही कामे वेगळी करण्याची शिफारस केली. इतका स्पष्ट अनुभव गाठीशी असूनही १९७३च्या कर्तारसिंग समितीने पुन्हा उलट दिशा धरली. लस टोचणारे, हिवताप पाहणारे, कुटुंबनियोजनाचे साहाय्यक अशी निरनिराळी पदे एकत्र करून पुरुषांसाठी एक व स्त्रियांसाठी एक अशी दोनच पदे ठेवावीत, असे तिने सुचविले. ह्या सूचनेमागील हेतू वाईट नव्हता. एकाच घराच्या उंबऱ्यावर चार निरनिराळ्या खात्यांची माणसे येण्यापेक्षा ओळखीचे एकच माणूस यावे, हा विचार योग्यच होता. परंतु पदाच्या नावातून कामाची सीमा नाहीशी झाली. प्रसविका ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणू शकत होती, तर ‘बहुउद्देशीय’ कर्मचाऱ्यास तसे म्हणण्याची सोयच राहिली नाही.

३

महाराष्ट्रात ह्या दोन पदांना ‘आरोग्यसेवक’ आणि ‘आरोग्यसेविका’ अशी नावे मिळाली. त्यांतील ‘सेवा’ हा शब्द काही सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेला भारत सेवक समाज, १९०९ मध्ये पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने निघालेले सेवासदन, ह्या संस्थांनी त्या शब्दास तेज आणले. परक्या माणसाची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीस कमीपणाचे समजण्याच्या काळात सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यास उत्तेजन दिले, ते ‘सेवा’ ह्या शब्दाच्या प्रतिष्ठेमुळे काही अंशी सुकर झाले. तेव्हा हा शब्द प्रथमपासूनच शोषणाचे साधन होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि मराठीत ‘सेवा’ या शब्दास दोन अर्थ आहेत. ‘सेवापुस्तक’, ‘सेवाज्येष्ठता’, ‘सेवानिवृत्ती’ ह्या सामासिक शब्दांत सेवा म्हणजे नोकरी. ‘सेवाभाव’, ‘रुग्णसेवा’, ‘सेवाव्रत’ ह्यांत सेवा म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म. नियमित नेमणुकीवरील आरोग्यसेविकेच्या पदनामात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण तिला सेवापुस्तक असते. पुढच्या काळात ह्यांतील पहिला अर्थ गळून पडला.

४

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगाव एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. त्याने रोज दोनतीन तास काम करावयाचे आणि दरमहा ५० रुपये मानधन घ्यावयाचे असे ठरले. त्याच्या इंग्रजी पदनामाचा इतिहास मोठा बोलका आहे. १९७७ मध्ये तो ‘कार्यकर्ता’ होता, १९८० मध्ये ‘स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ मध्ये ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ झाला. चार वर्षांत तीन नावे झाली. मानधन मात्र तेच राहिले. प्रत्येक नावाबरोबर ‘काम करणारा’ हा अर्थ अधिकाधिक दूर गेला. पुढे योजना क्षीण होत गेली आणि २००२ मध्ये केंद्राने तिचे अर्थसाहाय्य थांबविले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १२ एप्रिल २००५ रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानास प्रारंभ झाला आणि त्याबरोबर साधारणपणे १,००० लोकसंख्येमागे एक ‘आशा’ आली. हे नाव चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे बनले आहे. त्यांतील शेवटच्या शब्दाचा सरळ अर्थ ‘कार्यकर्ती’ असा आहे. महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात मात्र तिचे नाव ‘आशा स्वयंसेविका’ असे रूढ झाले. ‘सेविका’ शब्दामागे केवळ ‘स्वयं’ हे पद लागताच सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती ही सर्व एकदम गेली. गावाने तर तिला ‘आशाताई’ केले. ह्या संबोधनात आपुलकी आहे यात संशय नाही. परंतु रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्यास कर्मचारी नकार देऊ शकेल, ताई कशी देणार?

पैशासंबंधीचे शब्दही असेच पाहावयास हवेत. पोर्तुगीजांकडून आलेला ‘पगार’ आणि संस्कृतातील ‘वेतन’ हे दोन्ही शब्द देण्याघेण्याचा करार सुचवितात. ‘मानधन’ करार सुचवीत नाही. परीक्षकास किंवा व्याख्यात्यास आपण मानधन देतो, कारण त्याची उपजीविका अन्यत्र चाललेली असते. जिची उपजीविकाच ह्या पैशावर आहे, तिच्या बाबतीत हा शब्द वस्तुस्थिती झाकतो. गळतीचे मोजमापही ह्यामुळे कठीण होते. राजीनामा पदाचा देतात. स्वयंसेविका केवळ ‘येईनाशी’ होते.

५

येथे एक आक्षेप संभवतो. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पातील गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना वेतन नव्हते. त्यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर व दलित समाजातील होत्या. तरीही अनेकींनी दशकानुदशके काम केले. मग वेतनाचा एवढा आग्रह कशासाठी?

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. असमाधानाची कारणे आणि समाधानाची कारणे ही एकाच मापाची दोन टोके नव्हेत, असे त्यांनी दाखविले. अपुरे वेतन असमाधान उत्पन्न करते. पुरेसे वेतन ते दूर करते, परंतु एवढ्याने समाधान निर्माण होत नाही. ह्या पहिल्या वर्गातील घटकांना त्यांनी आरोग्यशास्त्रातूनच नाव घेतले. स्वच्छतेने रोग टळतो, बळ येत नाही, तसे हे आहे. जामखेडच्या स्त्रिया दर आठवड्यास केंद्रावर जमत, शिकत, अनुभव सांगत. गावाने पूर्वी ज्यांना दूर ठेवले त्यांच्याच सल्ल्याने गावातील मुले जगू लागली. त्यांच्या कामात राम होता. शासकीय योजनेने जामखेडसारख्या प्रयोगांतून विनावेतन काम तेवढे उचलले. आठवड्याची ती बैठक आणि तीतून येणारे बळ उचलणे तिला साधले नाही. शिवाय एका तालुक्यातील प्रयोगाचा अपवाद हा साऱ्या देशाचा नियम होऊ शकत नाही.

अलीकडच्या घटना ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेने योजनांत काम करणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. करोनाच्या साथीत घरोघर सर्वेक्षण करणाऱ्या महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये संप केला. वस्तुतः ज्याची नोकरीच नाही त्याने संप करणे हा शब्दार्थाने विरोधाभास होय. त्या संपाने तो विरोधाभास उघड्यावर आणला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात, उपदानाच्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच होय, असा निर्णय दिला. तो आशांना लागू नाही, पण एका शब्दाचा अर्थ न्यायासनासमोर बदलला, ही गोष्ट लहान नव्हे. त्यानंतर महिन्याभरातच जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. मान मिळाला, धनाचा प्रश्न मात्र पुढेही संपांनीच मांडावा लागला.

शब्द बदलले म्हणजे शीण जाईल, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या कामाला आपण कामच म्हणत नाही, त्याचे तास मोजता येत नाहीत, त्याची सीमा ठरविता येत नाही आणि ते सोडून गेलेल्यांची गणती करता येत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेतील थकवा आणि गळती यांची पाहणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रश्नावली घेऊन निघण्यापूर्वी नेमणुकीचे आदेश आणि मानधनाच्या पावत्या काळजीपूर्वक वाचाव्यात. त्याच्या प्रश्नांपैकी निदान अर्ध्यांचे उत्तर त्यांतील नामांतच आहे.