चौथा भिडू

पत्त्यांचा इतिहास लिहिणारी मंडळी फार सभ्य असतात. पत्ते चीनमधून निघाले, अरबांच्या हातून युरोपात गेले, तिथं त्यांना राणी मिळाली, वगैरे सगळं ती सांगतात. पण या खेळाची खरी अडचण काय, ते मात्र कोणी सांगत नाही. ती अडचण म्हणजे चौथा भिडू. तीन माणसं कुठंही जमतात. मयताला गेलेली तीन माणसंसुद्धा परतताना एकत्र चहा पितात. पण ‘चौथा कोण?’ हा प्रश्न निघाला की भल्याभल्या बैठका मोडतात. पत्त्यांनी जगात काही सुधारणा घडवली असेल, तर ती या चौथ्याच्या शोधापायी, असं माझं ठाम मत आहे.

मराठी घरात तसा पत्त्यांना मान कधीच नव्हता. आपल्याकडे क्रिकेट खेळतात, बुद्धिबळाचा डाव मांडतात, पत्ते मात्र ‘कुटतात’. ज्या क्रियापदानं मिरच्या आणि दाण्याचं कूट होतं, ते खेळाला लावल्यावर प्रतिष्ठा कशी राहणार? १९६७ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, त्यात पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या माजघरापर्यंत कधी पोचला नाही. तिथं आजीचं खंडपीठ होतं.

अपवाद फक्त उन्हाळ्याचा. आम्ही चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. इथं मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते पाच माणसानं घराबाहेर पडायचं नसतं. पोरांना घरात कोंडायचं तर हातात काहीतरी द्यायला हवं, म्हणून कपाटातला जोड बाहेर यायचा. त्यात चौकटची सत्ती हटकून हरवलेली असायची आणि तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. तो तुकडा कोणाच्या हातात आहे हे सगळ्या घराला पाठीमागूनच दिसायचं. गुलामचोर, झब्बू, बदाम सात अशा इयत्ता चढत आम्ही मेंढीकोटापर्यंत पोचायचो. मेंढी म्हणजे दश्शी. चौघांनी खेळायचं, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि चारही दश्श्या एका बाजूला गेल्या की कोट. इथंच पहिल्यांदा कळायचं की, आपला भाऊ हा आपला भिडू असेलच असं नाही.

आता गंमत पाहा. आपल्याकडच्या जुन्या पत्त्यांत हा भिडू फारसा दिसत नाही. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले, अशी नोंद बाबरनाम्यात आहे. शाह हसननं ते मागितले होते म्हणे. म्हणजे पत्त्यांचा जोड शेजाऱ्याकडून मागून आणायची पद्धत बादशाही आहे. पुढं अबुल फझलनं ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या गंजिफाचं वर्णन केलं. बारा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १४४. त्यात अश्वपती आहे, गजपती आहे, आणि एक रंग चक्क वनपतीचा. त्याच्या पहिल्या पानावर वाघ, प्रधान म्हणून बिबट्या, आणि खाली दहापासून एकपर्यंत बाकीची जनावरं. ताडोब्याचं आस्थापना-पत्रकच! अबुल फझल काही आमच्याकडे आला नसावा. पण याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड जमीनदाराचा आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येतं. हिरा आमच्याकडे आणि वाघही आमच्याकडे. फक्त पत्ते दिल्लीकडे.

गंजिफाचं मराठी घर म्हणजे सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा दहा रंगांची आणि १२० गोल पानांची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. ही कला अगदी विझत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चित्रकार बसवून ती जगवली. आता हे पत्ते खेळण्यापेक्षा जमवण्यासाठी जास्त घेतले जातात. हा खेळ मुख्यतः तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पानं, आणि ज्याचा तो. चौथ्याची गरज नाही, म्हणून भांडण नाही. आणि भिडूही नाही.

भिडू आला तो साहेबाच्या व्हिस्टबरोबर. व्हिस्टमधून पुढं ब्रिज निघाला. त्या ब्रिजला लिलावाची बोली कशी लागली, याची एक आख्यायिका मला फार आवडते. हिंदुस्थानात कुठंतरी आडबाजूच्या ठाण्यावर तीन इंग्रज अंमलदार अडकले होते. चौथा मिळेना. तेव्हा समोरची उघडी पानं कोणी वापरायची, यासाठी त्यांनी आपसात बोली लावायला सुरुवात केली म्हणे. अलाहाबादेत १९०४च्या सुमारास या खेळावर पुस्तकही निघालं. मग १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन कोट्यधीशानं गुणांची नवी पद्धत बसवली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज जन्मला. कोट्यधीशाचं श्रेय मी नाकारत नाही. पण मला ते आडठाण्यावरचे तिघे जवळचे वाटतात, कारण तशा ठाण्यावर मी स्वतः राहिलो आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. रातोरात कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, आणि पाट्यांखाली बसायला बदलीची माणसं आली. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर नातेवाईक स्टेशनवर पोचवायला यायचे ते अस्थी घेऊन गेल्यासारखे चेहरे करून. बायकामुलं मागं ठेवलेली. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. संध्याकाळी सातनंतर दोनच कार्यक्रम असायचे, डास मारणं आणि पत्ते. आमचा कंपू असा: मी, जंगलखात्यातले एक रेंजर, बँकेचे एक मॅनेजर आणि शाळेतले गणिताचे मास्तर. मास्तर सुट्टीवर गेले की चौथा कोण? एका रात्री पाऊस असा कोसळत होता की विश्रामगृहाच्या व्हरांड्यात अडकलेल्या जीपच्या ड्रायव्हरभाऊंना आम्ही आत बोलावलं. ते दोन पावसाळे आमच्यामागं उभे राहून खेळ बघत होते. मेंढीकोटात तर तालुक्यात त्यांचा दरारा होता. “येतं का हो भाऊ, हे?” मी विचारलं. “बघून राहिलो न साहेब मी,” ते म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. तासाभरानं ते खुर्चीत पाठ टेकून बसले होते आणि आम्ही कडेवर आलो होतो.

पुढं चंद्रपूरला एका क्लबात चौघांच्या संघांची ब्रिज स्पर्धा निघाली. ही संघांची स्पर्धा म्हणजे माणसाच्या सुपीक डोक्याची कमाल आहे. पत्त्यांवर जगाचा आक्षेप एकच, की ज्याला चांगली पानं आली तो जिंकला. बावन्न पानांतून तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून जास्त वेगवेगळे हात पडू शकतात. त्यातला कोणता वाट्याला यावा हे नशीब. १८५७ साली, इकडे उठाव पेटलेला असताना, लंडनमध्ये ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी एक प्रयोग केला. तीच पानं दोन ठिकाणी, वेगवेगळ्या जोड्यांना खेळायला द्यायची. आजही संघाच्या स्पर्धेत हेच चालतं. आपली एक जोडी या टेबलावर उत्तर-दक्षिण बसते, दुसरी त्या टेबलावर पूर्व-पश्चिम. इथं खेळून झालेली पानं चार खणांच्या बोर्डात जशीच्या तशी घालून तिकडे पाठवतात. शेवटी दोन टेबलांच्या गुणांतला फरक काढायचा. ‘मला पानंच आली नाहीत’ ही सबब कायमची बाद.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मास्तरांना मलेरियानं धरलं. चौथा कोण, हे आता विचारावं लागलं नाही. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि जीपही त्यांनीच चालवली. ऐंशी किलोमीटर आम्हाला रस्ताभर उतारीच्या सूचना देत.

क्लबात नावं घालताना प्रतिस्पर्धी संघातल्या एका साहेबांनी आक्षेप घेतला. आपण ड्रायव्हरबरोबर खेळणार नाही, असं ते सरळ बोलले नाहीत. “स्पर्धेचा दर्जा राहायला हवा,” म्हणाले. आपल्याकडे माणसाला दाराबाहेर ठेवायचं असलं की दर्जा आत येतो. भाऊ दाराशीच उभे होते. आमच्या मॅनेजरांनी शांतपणे नियमांचा कागद मागवून मोठ्यांदा वाचला, “‘प्रत्येक संघात चार खेळाडू असावेत.’ यात पगाराची श्रेणी कुठं लिहिली आहे?” रेंजर म्हणाले, “नसतील खेळत तर आम्हीही परत जातो. जीप भाऊंचीच आहे.” संयोजकांनी एक ग्लास पाणी पिऊन भाऊंचं नाव लिहिलं.

योग असा की ते साहेब आणि भाऊ एका टेबलावर आलेच नाहीत. साहेब पलीकडच्या टेबलावर दक्षिणेला, भाऊ आमच्या टेबलावर दक्षिणेला. म्हणजे त्या बोर्डांत दोघांच्या हातात तीच तेरा पानं. नोकरी, बंगला, शाळा, आडनाव, कशातही दोघांना सारखं पान पडलं नव्हतं. ते त्या एका दुपारी पडलं.

एका डावात दोघांनीही चार इस्पिकची बोली घेतली. मी भाऊंच्या समोर डमी होतो. पानं उघडी टाकून गप्प बसायचं. नोकरीतला अनुभव कामी आला. सगळा डाव किलवरच्या राणीवर येऊन अडला. ती डावीकडं असेल तर एक चाल, उजवीकडं असेल तर उलटी. पलीकडे साहेबांनी ती डावीकडे धरली आणि एक हात कमी पडला. भाऊंना मात्र घाई नव्हती. त्यांनी आधी बाकीचे तिन्ही रंग खेळून घेतले. डावीकडच्या गृहस्थांकडे इस्पिकची दोन, बदामाची सहा आणि चौकटची चार पानं असल्याचं त्यातून कळलं. झाली बारा. म्हणजे किलवरचं एकच. मग भाऊंनी माझ्या हातातला राजा वाजवला, त्याखाली ते एकुलतं पान निघून गेलं, आणि राणी उजवीकडं आहे हे उघड झालं. एक्का-गुलामाच्या कैचीत ती अलगद सापडली.

“कसं मोजलंत हो?” बाहेर चहा पिताना मॅनेजरांनी विचारलं.

“साहेब, मी रोज डिझेलचा हिशोब देतो,” भाऊ म्हणाले. “तिथं एक लिटर इकडचं तिकडं झालं तर पगारातून जाते. हे तं तेराच पत्ते आहेत.”

आम्ही आठ संघांत तिसरे आलो. बक्षीस म्हणून स्टीलचे चार डबे मिळाले. साहेबांचा संघ आमच्या मागं होता. निघताना ते भाऊंपाशी आले आणि म्हणाले, “ती राणी तुम्ही कशी काढलीत?” ‘तुम्ही’ म्हणाले. भाऊंनी जीपच्या बॉनेटवर काड्यापेटीच्या काड्या मांडून त्यांना पुन्हा सगळा डाव समजावून सांगितला.

असं कुठं कुठं घडत असतं. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा म्हणून गाव आहे. तिथं १९६०च्या दशकात बदलून आलेल्या गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी शेतकऱ्यांना ब्रिज शिकवला. चौथा भिडू हवा होता, दुसरं काय! पुढं शेतात राबणारी माणसं संघ करून स्पर्धांना जाऊ लागली. आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा पत्ते कुटणाऱ्या तमाम जनतेला एकदम राष्ट्रकार्य केल्यासारखं वाटलं.

माझ्या पुण्याच्या नातवाला हा सगळा इतिहास प्राचीन वाटतो. त्याचे पत्ते वेगळे. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं ‘मॅजिक: द गॅदरिंग’ काढलं. त्यात सगळ्यांत मिळून एक जोड नसतो. प्रत्येकानं पाकिटं विकत घेऊन, अदलाबदल करून आपापला जोड जमवायचा आणि तो घेऊन लढायला जायचं. आम्ही काड्यापेटीचे छाप जमवून डावावर लावायचो, त्याचाच हा श्रीमंत पणतू. यातही संघांच्या स्पर्धा असतात. तिघांचा संघ, शेजारी शेजारी बसायचं, तिघांपैकी दोघं जिंकले की संघ जिंकला. आणि भिडूशी चक्क बोलायची परवानगी! आमच्या खेळात नुसतं खाकरलं तरी पंच यायचे.

मला एकच काळजी होती. इथं पानं वाटली जात नाहीत, विकत घ्यावी लागतात. मग ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याचाच जोड भारी. कॅव्हेंडिशनं नशीब दारातून हाकललं, ते खिडकीतून पाकीट घेऊन परत आलं की काय? मी नातवाला तसं विचारलं. तो म्हणाला, “आजोबा, आमचा तिसरा भिडू सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा आहे. त्याच्याकडे एकही कार्ड नाही. पण तो आमच्यात सगळ्यात भारी खेळतो.”

“मग तो खेळतो कसा?”

“माझा दुसरा जोड असतो ना,” तो म्हणाला. “उसना देतो. चालतं तसं.”

चालतं का? नियमात बसतं, असं त्यानं मला खात्रीनं सांगितलं. मी नियमांचा कागद मागवला नाही.