कंडक्टरविना सोळा वादक

१९६३ साली बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी एक छोटा वाद्यवृंद उभा केला आणि त्याला अकादमीच्या संस्थापकाचं नाव दिलं: फ्रांझ लिस्ट चेंबर ऑर्केस्ट्रा. त्याचा इतिहास या सालापासून सांगतात. मात्र या वाद्यवृंदाची खरी ओळख म्हणजे कंडक्टरविना वाजवण्याची रीत, आणि ती त्याहून जुनी आहे.

तिचा माग काढत गेलं की लेओ वेइनेर भेटतात. हे संगीतकार १९०८ पासून अकादमीत शिकवत होते. त्यांच्या चेंबर म्युझिकच्या वर्गात स्वतःचा भाग बिनचूक वाजवणं पुरेसं नसे. शेजारचा काय वाजवतोय हे सतत ऐकावं लागे. जॉर्ज शोल्ती, अंताल दोराती, यानोश श्टार्कर हे त्यांचेच विद्यार्थी. १९२८च्या सुमारास वेइनेर यांनी अकादमीच्या विद्यार्थ्यांचा कंडक्टर नसलेला वाद्यवृंद बांधला. चौघांच्या क्वार्टेटमध्ये जे साधतं ते मोठ्या संचातही साधता येईल, हा विश्वास त्यामागे होता. पुढे १९५७ मध्ये, क्वार्टेटवादक म्हणून नाव कमावलेल्या विल्मोश तात्राई यांनी त्याच रीतीचा हंगेरियन चेंबर ऑर्केस्ट्रा काढला.

या मशागत झालेल्या जमिनीत १९६३चं रोप लागलं. विद्यार्थ्यांना घडवलं त्यांचे शिक्षक फ्रिजेश शांदोर यांनी. १९७९ मध्ये शांदोर गेले. अशा वेळी एखादा नामवंत कंडक्टर आणता आला असता. पण सूत्रं आली यानोश रोल्ला यांच्याकडे, आणि रोल्ला पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवरूनच नेतृत्व करत राहिले.

सोळा तंतुवाद्यं आणि एक हार्पसिकॉर्ड, एवढाच मूळ संच. रोल्लांच्या काळात सुरुवातीचा इशारा त्यांच्या गजाच्या हालचालीतून मिळे, पुढची लय सगळ्यांनी मिळून सांभाळायची असे. चूक झाली तर कंडक्टरकडे बोट दाखवायची सोय नाही. म्हणून तालमीत प्रत्येकाला स्वतःच्या भागाबरोबर संपूर्ण रचना माहीत असावी लागते. बाखचं ‘आर्ट ऑफ फ्यूग’ अशा संचाला शोभतं, कारण त्यात कोणताच आवाज केवळ साथीला नसतो. बार्तोकचं ‘दिव्हर्तिमेंतो’ही तसंच. १९३९च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिहिलेल्या या रचनेत एकल वादक आणि समूह यांची सतत देवाणघेवाण चालते.

जगानं या संचाचे गुण ओळखले. बासरीवादक झाँ-पिएर रांपाल आणि ट्रम्पेटवादक मोरिस आंद्रे यांनी त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणं केली. आयझॅक स्टर्न, येहुदी मेन्युहिन, रोस्त्रोपोविच यांनी त्यांच्यासोबत वादन केलं. हंगेरीच्या तेव्हाच्या सरकारी हुंगारोतोन कंपनीपासून पाश्चात्त्य कंपन्यांपर्यंत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. युरोप, अमेरिका, जपान इथल्या श्रोत्यांना हा संच ओळखीचा झाला. एकल वादकाला असा समूह का हवासा वाटतो हे समजण्याजोगं आहे: त्यानं एखादी जागा किंचित लांबवली, तर मधल्या कुणाच्या इशाऱ्याची वाट न पाहता सोळाही जण त्याच्यासोबत थांबतात.

२०२० पासून चेलोवादक इश्त्वान वार्दाई या वाद्यवृंदाचे कलात्मक संचालक आहेत. म्हणजे नेतृत्व आता व्हायोलिनवादकाकडून चेलोवादकाकडे आलं. वेइनेरांच्या वर्गातली शिकवण कुणा एका वाद्याची किंवा एका माणसाची नव्हती, म्हणूनच हे शक्य झालं. या वाद्यवृंदाची कीर्ती सोळाजणांच्या ऐकण्यावर उभी आहे, आणि तसं ऐकणं पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारी शाळा बुडापेस्टनं जपली, हे त्या शहराचं संगीताला दिलेलं फार मोठं देणं आहे.