‘स्थानिक’ या पदाचा अधिकार : युनिक्सकुलातील सेवांचा विन्यास

युनिक्स व तिच्या कुलातील संगणकप्रणालींत अखंड चालणाऱ्या सेवांचा स्थानिक विन्यास कोठे नोंदवावा, हा प्रश्न वरवर पाहता जागेचा वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा आहे. प्रणाली रचणारा एक, ती आपल्या यंत्रावर चालविणारा दुसरा. नवी आवृत्ती बसविताना पहिल्याची फाईल दुसऱ्याच्या फायलीवर पडली, की वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या एका क्षणात पुसल्या जातात.

युनिक्सचा आरंभ बेल प्रयोगशाळेत 1969 मध्ये झाला. तिच्यातील ‘एट्सी’ ही निर्देशिका नावाप्रमाणेच ‘इत्यादी’ होती. विन्यासाच्या फायलींशेजारी ‘इनिट’सारखे प्रोग्रॅमही तीत नांदत. यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांची ‘आरसी’ ही फाईल तेथेच असे. हे नाव एमआयटीतील सीटीएसएस प्रणालीच्या ‘रनकॉम’ या शब्दाचा अवशेष होय. पुढे 1980 च्या दशकात बर्कली शाखेत ‘आरसी.लोकल’ ही स्वतंत्र फाईल रूढ झाली. ही सोय मात्र अर्धीच होती. भर घालण्यास ती पुरे. पण मूळ फायलीतील एखादी आज्ञा फिरवावयाची, तर त्या फायलीलाच हात लावणे भाग पडे.

खरी उकल फ्रीबीएसडीच्या रचनेत दिसते. ‘एट्सी/डिफॉल्ट्स/आरसी.कॉन्फ’ या फायलीत रचनाकारांची मूल्ये असतात व तिला हात लावावयाचा नसतो; ‘एट्सी/आरसी.कॉन्फ’मध्ये व्यवस्थापक केवळ आपला भेद लिहितो. व्याकरणाच्या अभ्यासकास येथे उत्सर्ग व अपवाद आठवल्यावाचून राहणार नाहीत. फरक इतकाच, की येथील अपवाद विशेषत्वाने नव्हे, तर नंतर वाचला जातो म्हणून बलवत्तर ठरतो. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरचा विन्यास याच प्रणालीत ‘यूएसआर/लोकल/एट्सी’ येथे, म्हणजे मूळ प्रणालीच्या सीमेपलीकडे, राहतो.

लिनक्सवर 2010 मध्ये अवतरलेल्या सिस्टमडीनेही हीच वाट धरली. वितरकाची सेवाफाईल ‘यूएसआर/लिब’खाली, स्थानिक फाईल ‘एट्सी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये, नाव एकच असल्यास दुसरी पहिलीला झाकते. पण संपूर्ण फाईल उतरवून घेणे हे घातकच म्हटले पाहिजे, कारण वितरकाने मूळ फायलीत पुढे केलेली दुरुस्ती त्या प्रतीस कधीच पोचत नाही. म्हणून सेवेच्या नावापुढे ‘.डी’ जोडलेल्या निर्देशिकेत बदललेल्या ओळी तेवढ्या ठेवणे श्रेयस्कर. तेथेही एक खोच आहे : ‘एक्झेकस्टार्ट’ ही सेवेची आरंभ-आज्ञा बदलताना आधी ती रिकामी लिहून मूळ आज्ञा रद्द करावी लागते. तसे न केल्यास नवी आज्ञा जुनीची जागा न घेता तिच्या शेजारी जाऊन बसते, आणि सामान्य सेवेस एकच आरंभ-आज्ञा चालत असल्याने ती सेवा सुरूच होत नाही.