चंद्रावरून आलेले छायाचित्र कोणाचे?

१/
५ फेब्रुवारी १९६६. ब्रिटनमधील ‘डेली एक्सप्रेस’ या दैनिकाने चंद्राच्या पृष्ठभागाचे छायाचित्र छापले. यान सोव्हिएत संघाचे, कॅमेरा सोव्हिएत संघाचा, आणि मॉस्कोने ते छायाचित्र अद्याप प्रसिद्धही केलेले नव्हते. मग ते होते कोणाचे?

२/
प्रश्न वरकरणी प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा वाटतो. पण अवकाशातील छायाचित्रे शक्य झाली ती अण्वस्त्रस्पर्धेतून घडलेल्या यंत्रणेमुळे. आणि ती पृथ्वीवर पोचताच राष्ट्रांनी, धर्मश्रद्धांनी आणि शांततावाद्यांनी त्यांवर आपापला दावा सांगितला. १९६६, १९६८ आणि १९९० मधील तीन छायाचित्रांचा हा इतिहास.

३/
पहिले छायाचित्र : लूना ९

३१ जानेवारी १९६६ रोजी निघालेले लूना ९ हे यान ३ फेब्रुवारीला चंद्रावरील ‘वादळांचा महासागर’ या विस्तीर्ण मैदानात उतरले. चंद्रावर न आदळता उतरलेली ही पहिली मानवनिर्मित वस्तू. चंद्राची भूमी धुळीच्या जाड थराने झाकलेली असेल आणि यान त्यात रुतून बसेल, अशी भीती काही शास्त्रज्ञांना तोवर वाटत असे. लूना ९ रुतले नाही. त्याने छायाचित्रे पाठवण्यास आरंभ केला.

४/
या यानाला नेणारा अग्निबाण आर-७ या क्षेपणास्त्राच्या कुळातला होता. आर-७ हे जगातील पहिले आंतरखंडीय क्षेपणास्त्र; अण्वस्त्र थेट अमेरिकेपर्यंत पोचवता यावे, हा त्याच्या निर्मितीचा हेतू. १९५७ मध्ये त्याच अग्निबाणाने स्पुटनिक अवकाशात नेला होता. चंद्राकडे जाणारी वाट आणि शत्रूच्या शहराकडे जाणारी वाट एकाच कारखान्यातून निघत होती.

५/
इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, जोड्रेल बँक येथे, ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९५७ मध्ये उभी राहिली. बर्नार्ड लोवेल यांनी ती दूरच्या विश्वाचा वेध घेण्यासाठी बांधली. पण तिचे पहिले मोठे यश निराळेच ठरले: स्पुटनिकला कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाचा माग तिने रडारने काढला. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात तिचा उपयोग सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर लक्ष ठेवण्यासाठीही करण्यात आला. लोवेल स्वतः श्रद्धाळू होते. गावच्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत.

६/
लूना ९ चे संदेश जोड्रेल बँकेला ऐकू येऊ लागले. त्यांतील ठरावीक लयीचा ध्वनी तेथील शास्त्रज्ञांना ओळखीचा वाटला. वृत्तपत्रे दूरच्या शहरांतून छायाचित्रे मागवताना जी पद्धत वापरत, तीच ही पद्धत होती. ‘डेली एक्सप्रेस’ने आपले छायाचित्र-ग्राहक यंत्र वेधशाळेत पाठवले. यंत्र जोडले गेले, कागद सरकू लागला, आणि त्यावर चंद्रावरचे दगड उमटले.

७/
छायाचित्र जगभर गेले. मात्र लांबी-रुंदीचे नेमके प्रमाण ब्रिटिशांना ठाऊक नसल्याने ते आडव्या दिशेने आकसले होते. चंद्रावरचे खडक वास्तवापेक्षा उंच आणि अणकुचीदार भासत होते. सोव्हिएत शास्त्रज्ञ नाराज झाले. ज्यांनी यान उतरवले, त्यांच्या आधी परक्या देशाने त्यांचे चित्र, तेही बिघडलेल्या रूपात, जगाला दाखवले होते.

८/
कायद्याने त्यांना काय मिळाले असते? फारसे काही नाही. तेव्हा सोव्हिएत संघ बर्न करारात नव्हता आणि जागतिक प्रताधिकार करारातही नव्हता. दुसऱ्या करारात तो २७ मे १९७३ रोजी सामील झाला. तोवर सोव्हिएत पुस्तके पश्चिमेत आणि पाश्चात्त्य पुस्तके सोव्हिएत संघात अनुमतीवाचून छापली जाणे ही नित्याची बाब होती. चंद्राचे छायाचित्र त्याच रिवाजात बसले.

९/
येथे कायद्याची आणखी एक गंमत आहे. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यानुसार, छायाचित्र ज्या साहित्यावर घेतले गेले त्या साहित्याचा मालक हा छायाचित्राचा ‘कर्ता’ ठरे. स्टुडिओतील फिल्मसाठी ही व्याख्या ठीक होती. पण लूना ९ मध्ये फिल्मच नव्हती. भिंगासमोरचे दृश्य सरळ रेडिओ संदेशात रूपांतरित होत होते. कागद होता तो चेशायरमध्ये. अशा छायाचित्राची कल्पनाच कायदा लिहिणाऱ्यांनी केलेली नव्हती.

१०/
पुढच्याच वर्षी, २७ जानेवारी १९६७ रोजी, लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे बाह्य अवकाश करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. चंद्रावर कोणतेही राष्ट्र मालकी सांगू शकणार नाही, पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवता येणार नाहीत, ही त्यातील दोन मुख्य कलमे. चंद्र कोणाचाही नाही, हे ठरले. चंद्राच्या छायाचित्राविषयी करारात शब्दही नव्हता.

११/
दुसरे छायाचित्र : पृथ्वीचा उदय

२४ डिसेंबर १९६८. अपोलो ८ मधून फ्रँक बोरमन, जिम लोवेल आणि विल्यम अँडर्स चंद्राभोवती फिरत होते. (जिम लोवेल आणि जोड्रेल बँकेचे लोवेल यांच्यात केवळ आडनावाचे साम्य.) चंद्राच्या राखाडी क्षितिजावर अचानक निळी पृथ्वी वर येताना दिसली. अँडर्स यांनी हॅसलब्लाड कॅमेऱ्यात घाईघाईने रंगीत फिल्म भरली आणि २५० मिलिमीटरच्या भिंगातून छायाचित्र टिपले.

१२/
अँडर्स हे अमेरिकी हवाई दलाचे अधिकारी आणि अणु-अभियांत्रिकीचे पदवीधर. शीतयुद्धात त्यांनी लढाऊ विमाने उडवली होती. १९७५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. माणसांना चंद्रापर्यंत नेण्याची ही मोहीम इतक्या लवकर आखली गेली, त्यामागे सोव्हिएत संघ आधी तेथे पोचेल ही धास्तीही होती. शांततेचे प्रतीक ठरलेले छायाचित्र स्पर्धेच्या घाईतून आले.

१३/
त्याच रात्री तिन्ही अंतराळवीरांनी दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणात बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या दहा ओळी आळीपाळीने वाचल्या. नाताळची पूर्वसंध्या होती. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. व्हिएतनामचे युद्ध, मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या आणि प्राग शहरात शिरलेले रणगाडे पाहिलेल्या त्या वर्षात अनेकांना या वाचनाने दिलासा मिळाला.

१४/
सर्वांना नाही. निरीश्वरवादी कार्यकर्त्या मॅडलिन मरे ओ’हेअर यांनी १९६९ मध्ये नासाविरुद्ध दावा लावला. सरकारी पगारावरील अंतराळवीरांनी सरकारी यानातून धर्मग्रंथ वाचणे हे धर्म आणि शासन यांच्या फारकतीचा भंग आहे, हा त्यांचा मुद्दा. शाळांतील बायबलवाचनाविरुद्धची त्यांची लढाई १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाली होती. हा दावा मात्र टिकला नाही.

१५/
तरीही परिणाम झाला. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर बझ ऑल्ड्रिन यांनी यानात ख्रिस्ती प्रसाद-विधी केला, पण त्याचे प्रक्षेपण केले नाही; नासाला नवा वाद नको होता. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र अमेरिकी टपाल खात्याने पृथ्वीच्या उदयाचे छायाचित्र सहा सेंटच्या तिकिटावर छापले होते, आणि त्यावर ‘उत्पत्ती’तील आरंभीचे शब्द होते. एकच सरकार एका ठिकाणी श्रद्धेला आवर घालत होते आणि दुसऱ्या ठिकाणी तिचे तिकीट काढत होते.

१६/
आता कायदा. १८९५ च्या मुद्रणविषयक कायद्यात आणि पुढे १९०९ च्या प्रताधिकार कायद्यात अमेरिकेने एक तत्त्व रुजवले: सरकारी प्रकाशनांवर प्रताधिकार नाही. १९७६ च्या कायद्याच्या १०५ व्या कलमात ते अधिक स्पष्टपणे आले. अँडर्स सरकारी सेवेत होते, छायाचित्र सरकारी कामाचा भाग होते. म्हणून अमेरिकेत ते सर्वांना खुले झाले. नासाचे बोधचिन्ह वापरणे किंवा नासाचा पाठिंबा असल्याचे भासवणे तेवढे वर्ज्य.

१७/
या मोकळीकीचा अर्थ दूरगामी होता. चर्चने ते छायाचित्र वापरले, पर्यावरणवाद्यांनी वापरले, युद्धविरोधकांनी वापरले. अनुमती कोणाला मागावी लागली नाही आणि नकार कोणाला देता आला नाही. ईश्वराची निर्मिती म्हणून ते ज्यांनी भिंतीवर लावले आणि ज्यांनी ईश्वराविना पृथ्वीकडे पाहण्यासाठी लावले, त्या दोघांचा हक्क सारखाच होता.

१८/
यानातही मतैक्य नव्हते. बोरमन आपल्या चर्चमध्ये धर्मवाचन करणारे. उड्डाणातही त्यांनी चर्चसाठी प्रार्थना ध्वनिमुद्रित करवली. कॅथलिक घरातील अँडर्स यांनी मात्र उतारवयात सांगितले की, पृथ्वी इतकी लहान दिसल्यावर आपल्या पारंपरिक श्रद्धेला तडा गेला. खिडकी तीच, पृथ्वी तीच, निष्कर्ष वेगळे.

१९/
तिसरे छायाचित्र : फिकट निळा ठिपका

डिसेंबर १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पाच शास्त्रज्ञांचा निबंध आला. अणुयुद्धात जळणाऱ्या शहरांचा धूर सूर्यप्रकाश अडवील आणि पृथ्वी गारठेल, असे त्याचे प्रतिपादन होते. या ‘आण्विक हिवाळ्या’ची तीव्रता किती, यावर पुढे बराच वाद झाला. लेखकांपैकी कार्ल सेगन हे सर्वांत परिचित नाव. नेवाडातील अणुचाचणी क्षेत्रावर निदर्शने करताना त्यांना अटकही झाली.

२०/
सेगन कोणत्याही धर्माचे अनुयायी नव्हते. तरी जानेवारी १९९० मध्ये मॉस्कोत भरलेल्या धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधींच्या परिषदेत त्यांनी पुढाकार घेतलेले आवाहन मांडले गेले: पृथ्वी वाचवण्यासाठी विज्ञान आणि धर्म यांनी एकत्र यावे. सह्या करणाऱ्या शास्त्रज्ञांत हान्स बेथे होते, रिचर्ड गार्विन होते आणि एस. चंद्रशेखरही होते. बेथे यांनी पहिल्या अणुबाँबच्या प्रकल्पात सैद्धांतिक विभाग सांभाळला होता; गार्विन यांचा पहिल्या हायड्रोजन बाँबच्या रचनेत मोठा वाटा होता.

२१/
त्यानंतर महिनाभरातच, १४ फेब्रुवारी १९९० रोजी, व्हॉयेजर १ ने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. सेगन यांची ही मागणी १९८० च्या दशकाच्या आरंभापासूनची. यातून नवे विज्ञान मिळणार नाही, शिवाय सूर्याच्या दिशेने वळवल्यास कॅमेरा निकामी होईल, असे आक्षेप होते. चित्रात पृथ्वी एका पिक्सेलहूनही लहान आली. व्हॉयेजरला ऊर्जा पुरवणारे प्लुटोनियम-२३८ तयार झाले होते ते अण्वस्त्रांचे प्लुटोनियम बनवणाऱ्या सव्हाना नदीकाठच्या केंद्रातच.

२२/
१९९४ मध्ये सेगन यांनी या ठिपक्यावरून आपल्या पुस्तकाला नाव दिले. या एवढ्याशा बिंदूवरील सत्तेसाठी झालेला रक्तपात किती क्षुल्लक, हा त्यातील विचार जगभर पोचला. येथे मालकीचे दोन तुकडे होतात. छायाचित्र श्रेयनिर्देश करून मोकळेपणाने वापरता येते. त्यावरचे शब्द मात्र लेखकाचे आहेत: सेगन यांचे निधन १९९६ मध्ये झाले, म्हणून अमेरिकेत ते २०६६ च्या अखेरपर्यंत आणि भारतात २०५६ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहतील.

२३/
प्रत्येक देशाने अमेरिकेचा मार्ग स्वीकारलेला नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार सरकारी कृतीचा पहिला मालक सामान्यतः सरकारच असते, आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. युरोपीय दक्षिण वेधशाळा आपली बहुतेक छायाचित्रे श्रेयनिर्देशाच्या अटीवर खुली करते. नासाच्या ‘आजचे खगोलचित्र’ या १९९५ पासूनच्या पानावरील कित्येक चित्रे तर हौशी छायाचित्रकारांची खासगी मालमत्ता असतात. नासाच्या पानावर आहे म्हणून चित्र फुकट आहे, हा समज चुकीचा.

२४/
तीन छायाचित्रे, मालकीची तीन उत्तरे. लूना ९ चे चित्र दोन महासत्तांच्या गोटांत समान कायदा नसल्यामुळे हातोहात गेले. पृथ्वीचा उदय कायद्यानेच सर्वांचा झाला. निळा ठिपका खुला राहिला, पण त्याला अर्थ देणारे शब्द राखीव राहिले. तिन्ही वेळा यंत्रणा उभी राहिली ती अण्वस्त्रांच्या युगात.

२५/
म्हणूनच ही चित्रे पुढे पाठवताना श्रेयाची ओळ कापू नये. शिष्टाचार हे तिचे एक कारण. दुसरे कारण इतिहासाचे. चित्र कोणी, केव्हा, कशाच्या बळावर घेतले, हे त्या एका ओळीतूनच शोधता येते. ती गेली की १९६८ ची पृथ्वी केवळ सुंदर दिसते. ती चंद्राच्या क्षितिजावर आणणारी भीती आणि तिच्यावरून न्यायालयात झालेले भांडण कोणाला आठवत नाही.