बामची डबी: दुखणं गप्प करण्याचा इतिहास



मुंबई-पुणे रस्त्यानं खंडाळ्याचा घाट चढला असेल, तर अमृतांजन पूल तुम्हाला आठवत असेल. इंग्रजांच्या काळात, 1830 साली बांधलेला दगडी पूल. त्याच्यावर अमृतांजन बामची मोठी जाहिरात लागलेली असायची, म्हणून लोकांनी पुलालाच ते नाव दिलं. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. डोकेदुखीच्या बामचं नाव पुलाला पडावं, इतका बाम आपल्या घरात रुळला आहे. आज त्याच डबीची गोष्ट सांगायची आहे.

विषय निघाला तो आमच्या वालीवच्या गटाच्या बैठकीत. एके काळी आमच्याकडे भाताची शेतं होती, आता ओळीनं गाळे आहेत. आमच्यातल्या कितीतरी जणी तिथं पॅकिंगला, मशीनवर उभ्या असतात. हप्त्यांचा हिशेब संपला आणि एक ताई खांदा चोळत म्हणाल्या, "कोणाकडे बाम आहे का गं?" तर पाच जणींच्या पिशवीतून पाच वस्तू निघाल्या. दोन बामच्या डब्या, एक फवारा, एक सांधेदुखीचं तेल, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली जागा बधिर करणारी ट्यूब. आम्ही विचारलं, यांच्यात फरक काय? कोणालाच सांगता येईना. आणि आम्ही तर हे रोज अंगाला लावतो! मग आम्ही वाचलं, डॉक्टरबाईंना विचारलं, आणि जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

डबी यायच्या आधी काय होतं? आपल्या आज्यांना विचारा. गुडघा धरला की रुईच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून बांधायचं. अंग दुखलं की निर्गुडीच्या पाल्याचा शेक. दात ठणकला की दाढेखाली लवंग. अजून एक उपाय म्हणजे वज्रेश्वरी. 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या विजयासाठी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि तो फेडायला देऊळ बांधलं, असं आपल्याकडे सांगतात. तिथं, अकलोलीला आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. सांधे धरलेली माणसं कितीतरी पिढ्या तिथं अंघोळीला जात आली.

वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली 1534 साली. त्याच वर्षी गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्याला उतरला. पुढे मुंबईचं बेट त्यानं पोर्तुगिजांकडून खंडानं घेतलं होतं. 1563 साली त्याचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं. आपल्याकडच्या औषधी झाडपाल्याची माहिती त्यात दोन माणसांच्या गप्पांमधून दिली आहे, जशा आपण रेडिओवर गप्पा मारतो तशाच. त्यात कापूर आहे, लवंग आहे, अफू आहे, धोतरा आहे. बोर्निओचा कापूर चिनी कापरापेक्षा कितीतरी महाग असतो, हेही त्यानं लिहून ठेवलं. बोर्निओचा म्हणजे आपण ज्याला भीमसेनी म्हणतो तो. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर दुखण्याची औषधं ओळखीची होती. लवंगेची खूण तर अजून टिकून आहे. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो, तो बहुतेक वेळा लवंगेच्या तेलातल्या द्रव्याचाच असतो. ते द्रव्य दाताची नस थोडा वेळ बधिर करतं.

आता थोडं लांब जाऊ. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत कोका नावाचं झुडूप आहे. तिथले लोक त्याची पानं चघळायचे आणि त्यांचं तोंड बधिर व्हायचं. 1860 च्या सुमारास जर्मनीत त्या पानांतून कोकेन वेगळं काढलं गेलं. 1884 साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं त्याचे थेंब डोळ्यात घातले, आधी जनावरांच्या, मग स्वतःच्या. डोळ्याला टाचणी टेकवली तरी दुखेना! माणूस जागा असताना डोळ्याचं ऑपरेशन करता येऊ लागलं. पण लवकरच दुसरी बाजू दिसली. कोकेनचं व्यसन लागायचं, आणि मात्रा जास्त झाली की माणूस दगावायचा.

मग कमी धोक्याचं औषध शोधायची धडपड सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं. 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि त्यांचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी नवं औषध तयार केलं. लुंडक्विस्टनं ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलं. 1948 पासून ते विकायला आलं. आपल्याकडे डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात, पुष्कळ पाकिटांवर लिडोकेन असंही लिहिलेलं असतं. टाके घालताना, दात काढताना जे इंजेक्शन मिळतं ते बहुधा हेच. बधिर करणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्येही हेच असतं.

बामची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या मुंबईची. 1893 साली आंध्रातून आलेल्या काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत अमृतांजन बनवायला सुरुवात केली. गाण्याच्या मैफिलीत ते बाम फुकट वाटायचे, असं सांगतात. त्याच पैशांतून त्यांनी तेलुगू वर्तमानपत्र काढलं, पुढे मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. 1914 च्या सुमारास त्यांनी कारभार मद्रासला हलवला, पण पिवळी डबी महाराष्ट्रात राहिली ती राहिलीच.

आता मूळ प्रश्नाकडे. बाम आणि बधिर करणारी ट्यूब यांत फरक काय?

लिग्नोकेन नसेला लागतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाऊच देत नाही. जागा खरोखर बधिर होते. बाम तसं करत नाही. त्यातलं मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचं फूल, कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागं करतं. कातडी थंड झालेली नसते, पण आपल्याला गार वाटतं. मिरची कुटताना हात भगभगतात ना? तिथं आग नसते, पण मिरचीतलं द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या नसांना फसवतं. हे कोडं मिरची आणि मेंथॉल वापरूनच सुटलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना उष्णता, थंडी आणि स्पर्श यांवरच्या कामासाठी 2021 चं नोबेल मिळालं. थोडक्यात, बाम मनाला दुसरीकडे वळवतो आणि ट्यूब निरोपाची वाटच बंद करते. दोन्हीत दुखण्याचं मूळ तसंच राहतं.

आणि दोन्ही औषधंच आहेत, वरून लावली तरी. कातडीतून ती रक्तात जातात. अमेरिकेत 22 आणि 25 वर्षांच्या दोन मुलींनी लेझरनं केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं क्रीम लावलं आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. औषध जास्त शोषलं गेलं, झटके आले, दोघी दगावल्या. 2007 साली तिथल्या सरकारी औषध खात्यानं त्याबद्दल जाहीर इशारा दिला. 2024 साली पुन्हा सांगितलं की चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये 4 टक्क्यांहून जास्त लिडोकेन नसावं. आपल्याकडेही आता टॅटू काढताना, पार्लरमध्ये भुवया रंगवताना असं क्रीम लावतात. आपल्या आज्यांनी गोंदण काढून घेताना कळ सोसली. आपण सोसायलाच हवी असं नाही, पण अंगाला काय लावतात आणि किती लावतात, हे विचारायलाच हवं.

सांधेदुखीच्या तेलाचंही ऐका. त्याला जो उग्र गोड वास असतो तो गंधपुऱ्याचा. त्यातलं द्रव्य अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतका ऐवज असतो. तान्ह्या लेकरानं तो चमचा तोंडात घातला तर जीव जाऊ शकतो. कापराचंही तसंच, पोटात गेला की लहान मुलांना झटके येतात. आणि आपण ही बाटली ठेवतो कुठे? उशाशी!

म्हणून आमच्या गटानं काही नियम ठरवले आहेत. लिहून घ्या.

कुठलीही डबी आणली की आधी नाव वाचा, टक्के वाचा, तारीख वाचा. वाचता येत नसेल तर सुनेकडून, लेकीकडून वाचून घ्या. पाकिटावर लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पहिल्यांदा चिमूटभर लावून पाहा, पुरळ आलं तर धुऊन टाका.

लावताना पातळ थर, तेवढ्याच जागेवर. दिवसातून तीन-चार वेळांहून जास्त नाही, सलग सात दिवसांहून जास्त नाही. पाकिटावर याहून कमी लिहिलं असेल तर ते पाळा. एकाच जागी दोन वेगळी औषधं लावू नका.

जखमेवर, भाजलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर लावू नका, तिथून औषध पटकन आत जातं. वरून प्लास्टिक नको, घट्ट पट्टी नको, गरम पाण्याची पिशवीही नको. आमच्याच एका ताईंनी कंबरेला बाम चोळला आणि वर शेक घेतला. सकाळी उठल्या तर फोड! बधिर जागेला चटका कळत नाही, आणि बामवर शेक घेतला तर कातडी भाजते. कुंडात उतरायचं असेल तर आधी बाम साबणानं धुवा.

लावून झालं की हात धुवा. त्याच हातानं डोळे चोळू नका, मिरची कापल्यावर जपतो तसंच. बाळाला पाजणाऱ्या बाईनं छातीला असं काही लावू नये. दोन वर्षांखालच्या लेकराच्या नाकाशी, छातीशी बाम किंवा कापूर नको. दात येताना हिरड्यांना बधिर करणारी जेल तर नकोच. अशा जेलमधल्या बेंझोकेननं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, ओठ निळे पडतात. गरोदर बाईनं, हृदयाचा आजार असणारीनं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारीनं डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

लावल्यावर चक्कर आली, ओठांभोवती मुंग्या आल्या, कानात आवाज येऊ लागला, छाती धडधडली, तर लगेच पुसून-धुऊन टाका आणि दवाखाना गाठा. झटका आला, शुद्ध गेली किंवा मुलानं गिळलं, तर 108 ला फोन करा. उलटी करवू नका. डबी सोबत न्या.

मैत्रिणींनो, एवढ्यानं भागत नाही. दुखणं हा निरोप्या आहे. निरोप्याला थोडा वेळ गप्प बसवायला हरकत नाही, पण निरोप ऐकून घ्या.

छाती, जबडा, पाठ किंवा डावा हात दुखतो आहे, घाम फुटला आहे, दम लागतो आहे, तर बाम चोळत बसू नका. तो हृदयाचा निरोप असू शकतो. घरात कोणी "गॅस असेल" म्हणालं तरी त्याच घटकेला निघा.

आणि याच्या उलटही एक निरोप असतो. काही न लावताच अंगावरचा चट्टा बधिर झाला, फिकट किंवा लालसर दिसतो, टोचलं तरी कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. दुखत नाही म्हणून बाई तो दाखवत नाही आणि वर्षं निघून जातात. लाजू नका, आशाताईंना दाखवा. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. मधुमेह असेल आणि तळपाय बधिर वाटत असेल तर तेही सांगा.

शेवटचा निरोप गाळ्यांचा. रोज संध्याकाळी कंबर धरत असेल, तर औषध डबीत आहे की स्टुलात? 1948 च्या कारखाना कायद्यानं, कलम 44 मध्ये, उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करायला सांगितलं. कामात जरा सवड मिळाली की टेकता यावं, म्हणून. 2020 च्या नव्या संहितेतही ती गोष्ट आहे. आमच्यातल्या चौघीजणी मिळून सुपरवायझरकडे गेल्या. एकटी गेली असती तर हसण्यावारी गेलं असतं. आता त्यांच्या टेबलाशी दोन स्टुलं आली आहेत. त्या आळीपाळीनं बसतात, आणि बामची डबी पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरते.

पुढच्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर घरातल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या घेऊन या. एकत्र बसून वाचू. तारीख उलटलेल्या बाजूला काढू, आणि उरलेल्या लेकरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवू. उशाशी मात्र एकही नको.

 काळजी घ्या.